चेंडू कुठे पडला, यावर न्याय?

२१ जानेवारी १९९०. मेलबर्न. ऑस्ट्रेलियन ओपनच्या चौथ्या फेरीत जॉन मॅकेन्रो स्वीडनच्या मिकाएल पर्नफोर्सविरुद्ध दोन सेट एक असा पुढे होता. आधी त्याने एका महिला रेषापंचासमोर उभे राहून तिच्याकडे डोळे वटारून पाहिले. त्याबद्दल त्याला ताकीद मिळाली. मग त्याने रॅकेट आपटली आणि एक गुण गमावला. त्यानंतर स्पर्धेच्या पर्यवेक्षकाला त्याने जी शिवी हासडली, ती या पुरवणीत छापण्याजोगी नाही. खुर्चीवर बसलेल्या जेरी आर्मस्ट्राँग यांनी शांतपणे जाहीर केले : बाद. सामना संपला. मॅकेन्रो पाहतच राहिला. बाद होण्यापूर्वी आणखी एक पायरी शिल्लक आहे, असे त्याला वाटत होते. त्याच वर्षी नियम बदलून चार पायऱ्यांच्या तीन झाल्या होत्या, हे त्याच्या गावीही नव्हते!

दूरदर्शनवर विम्बल्डन पाहत मोठ्या झालेल्या आमच्या पिढीला मॅकेन्रो आवडायचाही आणि त्याचा रागही यायचा. त्याच्या डाव्या हाताची जादू पाहून घरातली वडीलधारी माणसे 'वा!' म्हणायची आणि पुढच्याच क्षणी त्याचे तोंड सुटले की 'कार्ट्याला कुणीतरी एक ठेवून द्यायला हवी' असेही म्हणायची. मेलबर्नला ती एक अखेर बसली. मला तो निर्णय तेव्हाही योग्य वाटला, आजही वाटतो. मला छळणारा प्रश्न वेगळाच आहे. तेच वागणे दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या कोर्टवर, दुसऱ्या खेळाडूने केले असते, तर त्यालाही हीच शिक्षा झाली असती का?

उत्तरासाठी फार लांब जायला नको. पुढच्याच वर्षी, १९९१ च्या अमेरिकन ओपनमध्ये, जिमी कॉनर्सने आपल्या ३९ व्या वाढदिवशी ॲरन क्रिकस्टीनविरुद्ध पाच सेटची झुंज दिली. त्या सामन्यात एका निर्णयावरून त्याने पंचांना जे सुनावले, ते मॅकेन्रोच्या शिवीपेक्षा कमी नव्हते. पण सारे स्टेडियम कॉनर्ससाठी वेडे झाले होते. सामना चालू राहिला, कॉनर्स जिंकला आणि तो दिवस टेनिसच्या लोककथेत जमा झाला. एकाची शिवी म्हणजे गुन्हा आणि दुसऱ्याची म्हणजे जिद्द!

गर्दीपुढे नियम कसा वाकतो, याचे त्याहून जुने उदाहरण १९७९ चे आहे. न्यूयॉर्कमध्येच मॅकेन्रो आणि इली नस्तासे यांचा सामना होता. नस्तासेने वेळकाढूपणा आणि मर्कटलीला करून पंच फ्रँक हॅमंड यांना जेरीस आणले. त्यांनी आधी गुण कापला, मग गेम कापला, शेवटी त्याला बाद केले. त्याबरोबर प्रेक्षक खवळले. कोर्टवर वस्तू येऊन पडू लागल्या, पोलिसांना धावावे लागले. मग काय झाले? बाद झालेला नस्तासे परत आला आणि खुर्चीवरचे हॅमंडच खाली उतरले! त्यांची जागा रेफरींनी घेतली आणि सामना पुढे खेळवला गेला. नियमाप्रमाणे वागणाऱ्यालाच घरी पाठवल्यावर बाकीच्या पंचांनी त्यातून कोणता धडा घेतला असेल?

दोन प्रकारचे गुन्हे

टेनिसमध्ये खेळाडू बाद होतो तो दोन वाटांनी. पहिली वाट पायऱ्यांची. आज पहिल्या चुकीला ताकीद, दुसरीला एक गुण, तिसरीला एक पूर्ण गेम, आणि त्यापुढे खेळाडूला ठेवायचे की काढायचे हे रेफरी किंवा पर्यवेक्षक ठरवतो. दुसरी वाट थेट कड्यावरून खाली. गुन्हा फारच गंभीर असेल तर एकाही ताकिदीविना बाद.

पहिल्या वाटेवरचे वाद बहुधा पंचाच्या नजरेचे असतात. २०१८ च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात सेरेना विल्यम्सला तीन दंड झाले. पहिला प्रेक्षकांतून प्रशिक्षकाने केलेल्या खुणांबद्दल, दुसरा रॅकेट मोडल्याबद्दल आणि तिसरा पंच कार्लोस रामोस यांना 'चोर' म्हटल्याबद्दल. तिसऱ्याने एक गेम गेली. नाओमी ओसाका ६-२, ६-४ अशी जिंकली आणि विजेती असूनही बक्षीस घेताना रडली. पुरुष याहून वाईट बोलतात आणि सुटतात, असे सेरेना म्हणाली. रामोस पुरुषांनाही सवलत देत नाहीत, असा त्यांचा लौकिक होता, हे खरे. पण कॉनर्सची आठवण असणाऱ्याला सेरेनाचे म्हणणे सपशेल उडवून लावता येत नाही. गंमत म्हणजे तिच्या दंडांची मालिका ज्या प्रशिक्षणाच्या खुणांवरून सुरू झाली, ते कोर्टबाहेरून सल्ला देणे २०२५ पासून नियमानेच मान्य झाले आहे. सगळेच करतात, पण पकडला जातो एखादाच, असा नियम फार काळ टिकत नाही. टिकूही नये.

दुसरी वाट मात्र अधिक बोचरी. तिथे पंचाच्या नजरेपेक्षा नशीब मोठे ठरते.

नेम चुकला म्हणून वाचला

६ सप्टेंबर २०२०. करोनामुळे रिकामे असलेले न्यूयॉर्कचे भव्य स्टेडियम. नोवाक जोकोविच त्या वर्षी एकही सामना हरला नव्हता. पाब्लो कारेनो बुस्ताविरुद्ध पहिल्या सेटमध्ये सर्व्हिस गमावून तो ५-६ असा मागे पडला. चिडून त्याने खिशातला चेंडू न पाहता मागे मारला. तो थेट एका महिला रेषापंचाच्या गळ्यावर बसला. ती कोसळली. दहाएक मिनिटे चर्चा झाली आणि अव्वल मानांकित खेळाडू स्पर्धेबाहेर गेला. त्याने त्या स्पर्धेतून मिळवलेले मानांकनाचे गुण गेले, अडीच लाख डॉलर्स गेले.

निर्णय बरोबरच होता. रागाने मारलेल्या चेंडूने कोर्टवर काम करणारा माणूस जखमी झाला, तर 'माझा तसा हेतू नव्हता' ही सबब चालता कामा नये. पण त्याच सेटमध्ये थोडे आधी जोकोविचने याहून कितीतरी जोरात एक चेंडू बाजूच्या भिंतीवर हाणला होता. तेव्हा साधी ताकीदही मिळाली नाही. कारण? तिथे कुणी उभे नव्हते. जोरात मारलेला चेंडू माफ आणि हळू मारलेला कारकीर्दीवरचा डाग. फरक इतकाच, की एक भिंतीला लागला आणि दुसरा माणसाला.

ही यादी मोठी आहे. १९९५ च्या विम्बल्डनमध्ये दुहेरीचा सामना खेळताना विशीतल्या टिम हेनमनने वैतागून मारलेला चेंडू एका बॉलगर्लच्या डोक्याला लागला. तो बाद झाला आणि काही न करता त्याचा जोडीदार जेरेमी बेट्सही. दुसऱ्या दिवशी हेनमन त्या मुलीला भेटायला फुले घेऊन गेला. २०१७ मध्ये डेव्हिस कपच्या निर्णायक लढतीत १७ वर्षांच्या डेनिस शापोवालोवचा चेंडू खुर्चीवरच्या पंचाच्या डोळ्यावर बसला. कॅनडा ती लढत तिथेच हरला. उलट २०२२ च्या विम्बल्डनमध्ये स्टेफानोस त्सित्सिपासने निक किर्गिओसविरुद्ध रागाने चेंडू प्रेक्षकांच्या दिशेने मारला. कुणाला लागला नाही. ताकीद मिळाली आणि खेळ पुढे सुरू. 'जोकोविचला बाद करता, मग याला का नाही?' असे किर्गिओस पंचांना विचारत राहिला. किर्गिओसने शिस्तीवर प्रवचन द्यावे हा विनोदच. पण प्रश्न विचारणारा वाईट असला म्हणून प्रश्न वाईट ठरत नाही.

चाळीत क्रिकेट खेळून मोठे झालेल्यांना हा न्याय ठाऊक आहे. उंच फटके सगळेच मारायचे; पण ज्याच्या चेंडूने जोशीकाकूंची काच फुटली, त्याचीच बॅट जप्त व्हायची. यावर कायद्याचे जाणकार म्हणतील की जगभर असेच चालते. बेदरकार गाडी हाकणारे दोघे असले, तरी ज्याच्या गाडीखाली माणूस येतो त्याला जबर शिक्षा होते. मान्य. परिणामाला वजन असावेच. पण ज्याच्या गाडीखाली कुणी आले नाही, त्याला आपण 'जपून जा हं' म्हणून सोडून देत नाही. त्याचाही परवाना जातो. टेनिसमध्ये एका टोकाला हकालपट्टी आणि दुसऱ्या टोकाला नुसती ताकीद, मध्ये काहीच नाही. खोट आहे ती इथे.

लहान माणसांचे काय?

जोकोविचला बाद केले म्हणजे टेनिसमध्ये लहान-मोठा भेद उरला नाही, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. मला ते अर्धेच पटते. २०२३ च्या फ्रेंच ओपनमध्ये महिला दुहेरीत जपानची मियु काटो आणि इंडोनेशियाची अल्दिला सुत्जिआदी खेळत होत्या. दोन गुणांच्या मधल्या वेळेत काटोने एक चेंडू पलीकडच्या बाजूला टोलवला. तो बॉलगर्लच्या मानेजवळ लागला. पंचांनी आधी ताकीद दिली. मग प्रतिस्पर्धी जोडीने, मुलगी रडते आहे, याकडे लक्ष वेधले. रेफरी आले आणि जोडी बाद झाली. राग नव्हता, शिवी नव्हती. ताकिदीचे रूपांतर हकालपट्टीत झाले ते एका लहान मुलीच्या अश्रूंमुळे. मुलीला लागले याचे वाईट कुणालाही वाटेल. पण रडू आले तर बाद आणि ती ओठ दाबून उभी राहिली तर ताकीद, हा कुठला न्याय? दुहेरी खेळणाऱ्या अशा खेळाडूंना एका फेरीचे पैसेही मोलाचे असतात. काटोचे तेही गेले. त्याच स्पर्धेत तिने मिश्र दुहेरीचे विजेतेपद मिळवले, हे तिचे मन किती घट्ट आहे ते सांगते. नियमाची अब्रू त्याने वाचत नाही.

याउलट २०१९ मध्ये सिनसिनाटीला किर्गिओसने रॅकेटी मोडल्या, पंचांना शिव्या दिल्या, तरी सामना शेवटपर्यंत खेळला. नंतर १ लाख १३ हजार डॉलर्सचा दंड झाला. म्हणजे ज्याच्या नावावर तिकिटे खपतात, त्याला खेळू द्यायचे आणि नंतर पावती फाडायची!

दाद कुठे मागायची?

मार्च २०२४ मध्ये दुबईला आंद्रेय रुबलेव्ह उपांत्य सामन्याच्या तिसऱ्या सेटमध्ये ५-६ असा मागे असताना रेषापंचाच्या तोंडाजवळ जाऊन ओरडला. त्याने रशियन भाषेत शिवी दिली, असे दुसऱ्या एका रेषापंचाने सांगितले. रुबलेव्हने ते नाकारले. चित्रफीत पाहा, अशी विनंती झाली. ती मानली गेली नाही. तो बाद झाला. पुढे त्याने अपील केले. मानांकनाचे गुण आणि दंड वजा जाता बक्षिसाची रक्कम त्याला परत मिळाली, कारण हकालपट्टी आणि दंड यांपलीकडची शिक्षा प्रमाणाबाहेर होईल, असे अपिलात ठरले. पण हुकलेला सामना कोण परत देणार? चेंडू रेषेवर पडला की बाहेर, हे मिलिमीटरने मोजणारी यंत्रे टेनिसपाशी आहेत. खेळाडूला हाकलण्याचा निर्णय मात्र एका कानाने ऐकलेल्या शब्दावर होतो!

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. एक, माणसे उभी आहेत त्या दिशेने रागाने मारलेला प्रत्येक चेंडू, भिरकावलेली प्रत्येक रॅकेट, कुणाला लागो न लागो, थेट एका गेमच्या दंडाला पात्र असावी. ताकीद नको. लागले आणि इजा झाली तर बाद, मग तो पहिला मानांकित असो की पात्रता फेरीतून आलेला. राग नसताना चुकून लागले, तर तो अपघात समजावा. दोन, बाद करण्यापूर्वी चित्रफीत पाहणे सक्तीचे असावे. तीन, निर्णयाची कारणे त्याच दिवशी लेखी जाहीर व्हावीत, म्हणजे पुढच्या पंचाला आधार मिळेल आणि पुढच्या खेळाडूला धाक.

पंचांचे हात बांधले जातील, असे यावर कुणी म्हणेल. मला उलट वाटते. १९७९ मध्ये हॅमंड एकटे पडले, कारण त्यांच्या पाठीशी नियम होता तरी नियमाच्या पाठीशी कुणी नव्हते. निर्णय ठरलेला असला की खुर्चीवरच्या माणसाला धैर्य गोळा करावे लागत नाही.

विम्बल्डनने २०२५ मध्ये रेषापंचांना निरोप देऊन त्यांचे काम यंत्रांवर सोपवले. त्यामुळे चेंडू लागण्याजोगी माणसे कोर्टवर कमी झाली. पण जाळ्यापाशी गुडघ्यावर बसलेली चौदा-पंधरा वर्षांची मुले अजून तिथेच आहेत. ती सामना पाहायला आलेली नसतात, काम करायला आलेली असतात. घरोघरी रविवारी अंतिम सामना पाहणारी आपली मुलेही त्याच वयाची असतात आणि त्यांचे डोळे आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात. कोणाला कशाबद्दल शिक्षा झाली आणि कोण कशामुळे सुटला, हे ती बरोबर टिपतात. रागावर ताबा ठेव, असे त्यांना सांगायचे असेल, तर 'कुणाला लागले नाही ना, मग ठीक आहे' हे वाक्य आधी आपण मोठ्यांनी बोलणे सोडले पाहिजे.