गोडाची ओढ आणि संयमाची भाषा

आमच्या मराठी विभागात आम्ही तिघे शिकवतो. तिघांनीही चाळिशी ओलांडून काही वर्षे लोटली आहेत. गेल्या वर्षी जूनमध्ये महाविद्यालयात आरोग्य तपासणीचे शिबिर झाले आणि आठवडाभराने तिघांच्याही हाती एकाच आशयाची चिठ्ठी पडली : वजन कमी करा, गोड बंद करा. आमच्यापैकी एकीचे एचबीएवनसी ६.२ आले होते. ५.७ ते ६.४ हा पट्टा मधुमेहपूर्व अवस्थेचा मानला जातो. तिच्या वडिलांचा पाय मधुमेहापायी गेला होता, हे आम्हां दोघांना ठाऊक होते. त्यामुळे त्या दिवशी विभागात नेहमीची थट्टामस्करी झाली नाही.

प्रस्तुत लेख त्या चिठ्ठीतील दुसऱ्या आज्ञेविषयी आहे. गोड बंद करता येत नाही, असे आमचे म्हणणे नाही. आमचा आक्षेप आहे तो आज्ञेमागच्या गृहीतकाला. गोडाची ओढ हा इच्छाशक्तीचा प्रश्न आहे, ज्याचा निग्रह दृढ तो सुटला आणि ज्याचा ढिला तो बुडाला, असे आपण सारेच धरून चालतो. मोह, लोभ, संयम, पथ्य मोडणे, 'आज पाप केले' : वजन कमी करू पाहणाऱ्या माणसाच्या तोंडी हीच शब्दावली असते. ही शब्दावली माणसाला वजन उतरवायला मदत करत नाही. उलट, बहुधा ती अडथळाच ठरते, असे आता आम्हांस वाटते. हे मत आम्ही पुस्तकातून उचललेले नाही, आधी चांगली फजिती झाली आणि मग ते बनले.

तर ती फजिती. आषाढी एकादशीचा मुहूर्त धरून आम्ही तिघांनी साखर पूर्णपणे सोडली. चहा बिनसाखरेचा, बिस्किटे नाहीत, जेवणही निम्मे. पहिले चार दिवस मोठ्या अभिमानाचे गेले. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दुपारी चारच्या सुमारास डोके जड होऊ लागले, उत्तरपत्रिकांतील अक्षरे नकोशी झाली आणि तिघांच्याही बोलण्यात काही ना काही निमित्ताने खाण्याचा विषय येऊ लागला. बाराव्या दिवशी आमचा एक जुना विद्यार्थी सेट उत्तीर्ण झाल्याचे पेढे घेऊन आला. ऊसतोडीच्या कामावर जाणाऱ्या घरातला मुलगा. पुडा त्याने दोन्ही हातांनी पुढे केला. ''बाळ, आम्ही गोड सोडलंय,'' असे आमच्यापैकी एक जण म्हणाले, आणि त्या मुलाचा चेहरा क्षणात उतरला. ''सर, एक तरी घ्या ना, तुमच्यामुळंच झालं,'' असे तो पुन्हा म्हणाला, तेव्हा आम्ही पुडा ठेवून घेतला. तो गेल्यावर अर्ध्या तासात पाव किलोचा पुडा रिकामा झाला. त्या मुलासमोर एक-एक पेढा खाल्ला असता, तर त्याचाही मान राहिला असता आणि आमचाही निग्रह.

या प्रसंगानंतर आमच्यापैकी जे संतसाहित्य शिकवतात त्यांनी एक गोष्ट लक्षात आणून दिली, आणि तिचे आम्हांला आजही नवल वाटते. भागवताच्या एकादश स्कंधातील आठव्या अध्यायात अवधूत आपल्या चोवीस गुरूंपैकी मासा या गुरूविषयी सांगतो. गळाला लावलेल्या आमिषाची चव माशाचा जीव घेते, एवढेच सांगून तो थांबत नाही. पुढे तो म्हणतो की, आहार सोडला की इतर इंद्रिये लवकर ताब्यात येतात, अपवाद फक्त रसनेचा. उपाशी माणसाची रसना उलट अधिक बळावते. नाथांनी काशीत १५७३ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या टीकेत याच स्कंधाचे विवरण केले आहे. ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायातही असाच विचार येतो : इतर इंद्रिये आवरली आणि रसना मोकळी सोडली, तर ते वरची पालवी खुडून मुळाशी पाणी घालण्यासारखे आहे. वर्गात आपण हे सारे 'इंद्रियनिग्रहाचा उपदेश' अशा एका ठोकळ शीर्षकाखाली उरकतो. त्यात केवढे बारीक निरीक्षण आहे, हे मात्र बाराव्या दिवशी पेढ्यांचा पुडा रिकामा केल्यावरच आमच्या ध्यानात आले. अर्थात, भागवतकाराला मोक्षाची चिंता होती, कंबरेच्या घेराची नव्हे. तरीही उपवासाने चव मरत नाही, वाढते, हे त्याने नेमके हेरले होते. सामान्य मराठी माणसानेही ते 'एकादशी अन् दुप्पट खाशी' या म्हणीत हेरून ठेवलेच आहे.

आजचे आहारशास्त्र याहून फार वेगळे सांगत नाही. दुपारचे जेवण तुटपुंजे असेल, त्यात डाळ-उसळ-दही कमी असेल, रात्रीची झोप अपुरी झाली असेल, तर दुपारनंतर गोडाची ओढ वाढते. शिवाय सवयीचा भाग असतोच : रोज एका ठरावीक वेळी, एका ठरावीक खुर्चीत बसून गोड खाल्ले, की ती वेळ आणि ती खुर्चीच मागणी करू लागते. साखरेला व्यसन म्हणावे की नाही, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, आणि त्या वादात पडण्याचा आमचा अधिकार नाही. आमच्यापुरते मात्र आम्ही पाहिले की, निग्रहाच्या गोष्टी बंद केल्या आणि साडेबाराच्या डब्यात मटकीची उसळ वाढवली, तेव्हा चारची तडफड निम्म्यावर आली.

उरला चहा. महाराष्ट्रातील प्राध्यापकाचे वजन हा बव्हंशी चहाचा विषय आहे, असे विधान आम्ही थोड्या धाडसाने करतो. आम्ही हिशेब मांडला. दिवसाला सहा कप, दर कपात दोन भरगच्च चमचे, चमचा सुमारे ५ ग्रॅमचा. म्हणजे रोज ६० ग्रॅम साखर, सुमारे २४० कॅलरी, वर्षाला जवळजवळ २२ किलो. आणि यात एकही पेढा, एकही श्रीखंडाची वाटी धरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार अशी वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅम. जे आपण 'गोड' म्हणून मोजतच नाही, त्यानेच आमची मर्यादा दुपटीहून अधिक ओलांडली होती. सणाच्या पुरणपोळीवर आपण व्यर्थच आळ घेतो.

म्हणून दुसऱ्या खेपेस आम्ही काहीच सोडले नाही. कँटीनच्या मावशींना सांगून साखर चहात न घालता वेगळी मागवू लागलो आणि दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करत गेलो. सहाचे चार कप केले. यात शौर्य काहीच नव्हते, त्यामुळे हरण्याचाही प्रश्न आला नाही. दीड-दोन महिन्यांत जुन्या मापाचा चहा आम्हांला पाकासारखा लागू लागला. जीभ शिकते, पण तिला वेळ द्यावा लागतो. व्याकरण शिकवणाऱ्यांना हे आधीच कळायला हवे होते.

येथे गुळाविषयी दोन शब्द आवश्यक आहेत, कारण आमच्या भागात 'गुळाचा चहा' या पाट्या जागोजाग लागल्या आहेत आणि साखर सोडलेली माणसे निर्धास्तपणे तेथे बसतात. कोल्हापुरी गुळाची चव आम्हांलाही प्रिय आहे. पण गुळाचा मोठा भाग साखरच असतो, त्याची कॅलरीही साखरेच्या जवळपासच, आणि त्यातले लोह चमचाभर गुळातून असे कितीसे मिळणार? मधाचेही तेच. गंमत म्हणजे आपल्या परंपरेला गुळाविषयी असा भ्रम नव्हता : चरकाने प्रमेहाच्या कारणांत गुळाचे पदार्थ नाव घेऊन सांगितले आहेत. कृत्रिम गोडीच्या गोळ्यांविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये असे म्हटले की, वजन आटोक्यात ठेवण्याचे साधन म्हणून त्या वापरू नयेत (हा सल्ला मधुमेह आधीच असलेल्यांसाठी नाही, त्यांनी, आणि औषधे चालू असलेल्या सर्वांनी, आपल्या डॉक्टरांचे ऐकावे, आमचे नव्हे).

आता मूळ मुद्द्याकडे. ही ओढ केवळ जिभेत नाही, ती आपल्या भाषेत आणि भूगोलातही आहे. तोंड गोड करणे, साखरपुडा, साखरझोप, गोड मानून घेणे, तोंडात साखर पडणे : मराठीत सुखाला दुसरे रूपकच जणू सापडत नाही. हे रूपक घडले तेव्हा साखर दुर्मीळ होती. आमच्या लहानपणीही ती रेशनकार्डावर मोजून मिळे, पाहुण्यांची साखर वेगळ्या डब्यात असे, आणि चक्क्याच्या बरोबरीने साखर घातलेले श्रीखंड पाडव्यानंतर थेट पुढच्या सणाला दिसे. दोन गोडांच्या मध्ये कोरड्या भाकरीचे कितीतरी दिवस असत. ते मधले दिवस गेले. भाषा मात्र सणाचीच राहिली. वाढदिवस, निरोपसमारंभ, नॅकची भेट, शोकसभेनंतरचा चहा, प्रत्येक वेळी ताटलीत बिस्किटे येतात आणि 'एवढ्याने काय होतंय' हे वाक्य येते.

१९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हापासून या पट्ट्यातले रस्ते, बँका, दवाखाने आणि महाविद्यालये उसाच्या पैशावर उभी राहिली. आमची संस्थाही त्यांतलीच. ज्या साखरेने आम्हांला नोकरी दिली आणि त्या सेट झालेल्या मुलाच्या आईबापांना कोयता दिला, तिच्याविषयी आम्ही कृतघ्न होऊ इच्छित नाही. परंतु २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहपूर्व अवस्थेतले लोक आहेत. एवढ्या माणसांचा निग्रह एकाच वेळी ढिला पडला, असे मानणे आम्हांला तर्काला धरून वाटत नाही. त्यांच्यासमोर रोज काय मांडले जाते आणि 'नको' म्हणणे किती अवघड केले जाते, हे आधी पाहावे लागेल. आमच्यासारख्या शिकल्यासवरल्यांना त्या मुलासमोर 'नको' धड म्हणता आले नाही, हेही विसरता येत नाही.

आठ महिन्यांत तिघांचे मिळून अकरा किलो वजन उतरले. आकडा फार मोठा नाही. त्यातले सहा किलो एकाचेच आहेत, आणि ते कोणाचे हे सांगायला बाकीच्या दोघांची परवानगी नाही. जिचे एचबीएवनसी ६.२ होते तिचे फेब्रुवारीत ५.९ आले. पट्टा अजून सुटलेला नाही, पुढची तपासणी ऑगस्टमध्ये आहे. संक्रांतीला तिने विद्यार्थ्यांनी दिलेला प्रत्येक तिळगूळ घेतला, एक खाल्ला आणि उरलेला शिपाईमामांच्या नातवंडांसाठी दिला. तो त्या मुलांनी तरी किती खावा, हा प्रश्न आमच्यात अद्याप वादाचा आहे. विभागाच्या कार्यक्रमांत बिस्किटांऐवजी फुटाणे-शेंगदाणे द्यावेत, असा अर्ज आम्ही मार्चमध्ये कार्यालयात दिला. खरेदीच्या मंजूर यादीत फुटाणे हा शब्दच नसल्यामुळे तो तूर्तास हिशेबनिसांच्या टेबलावर आहे.