बोरू धरलेला हात

ग्राफिक डिझाइन शिकू पाहणाऱ्या मुलामुलींच्या आईबापांचा एक प्रश्न आपल्या बडोद्यात हल्ली वारंवार कानी येतो. काम तर सारे संगणकावरच व्हायचे. मग वर्ष-दोन वर्षे बोरूने अक्षरे गिरवण्यात आणि मडक्यांची, कापडाच्या चुण्यांची चित्रे रेखाटण्यात कशाला घालवायची? आता तर दोन ओळी लिहून सांगितल्या की यंत्र चित्रही काढून देते. मी दरबारी गवयाचा मुलगा, आणि पेशाने गाण्याचा मास्तर. तरीही या प्रश्नाचे उत्तर द्यावेसे वाटते, कारण गाण्याच्या वर्गात पलट्यांविषयी मला हेच विचारले जाते.

पलटे काही मैफलीत गाऊन दाखवायचे नसतात. ते गळ्यावर चढता चढता कान तयार होतो. बोरूचेही तसेच आहे. तिरपे टोक छाटलेला बोरू एका कोनात धरला की अक्षराची जाड-बारीक रेघ आपसूक उमटते. कोन ढळला की रेघही ढळते. एकच 'क' शेकडो वेळा गिरवलेल्या मुलाला पुढे पडद्यावरचे अक्षर कुठे फुगले आणि कुठे खंगले ते मोजपट्टीवाचून दिसते. दोन अक्षरांमधली मोकळी जागा म्हणजे तर लयच. ती आकडे मोजून साधत नाही, अंगात मुरावी लागते.

आपल्या शहराला हे नवे नाही. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली आणि १८९० मध्ये कलाभवन. हाताची कला आणि पोटाचा धंदा या दोन गोष्टी कलाभवनाने कधी वेगळ्या मानल्या नाहीत. दादासाहेब फाळके तेथेच शिकले. चित्रकलेवरून छायाचित्रण, छपाई आणि अखेर चित्रपट अशा नव्या यंत्रांकडे ते निर्भयपणे वळले. अलीकडचे उदाहरण र. कृ. जोशी यांचे. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या या सुलेखनकाराने जाहिरातीच्या धंद्यात नाव मिळवले आणि पुढे विंडोजसोबत आलेला 'मंगल' हा देवनागरी टंकही रेखला. अक्षर हाताला ठाऊक होते म्हणूनच ते यंत्राला शिकवता आले.

बडोद्यात तर या तालमीची गरज दुहेरी आहे. येथे एकाच फलकावर मराठी आणि गुजराती शेजारी बसतात. देवनागरी शिरोरेघेला लोंबते. गुजरातीला शिरोरेघच नाही. दोन्ही एकाच मापात बसवल्या तर एक लिपी दाट दिसते आणि दुसरी विरळ. तो तोल डोळ्यानेच सांभाळावा लागतो. शिवाय मराठीचे 'ल' आणि 'श' हिंदीहून वेगळ्या वळणाचे. संगणकाने जे पुढे केले तेच उचलणाऱ्याला हा भेद दिसत नाही. रफाराचीही तीच गत. 'आचाऱ्यांना' बोलावणे म्हणजे स्वयंपाक्यांना आणि 'आचार्यांना' बोलावणे म्हणजे गुरूंना. लग्नपत्रिकेत एवढी एक रेघ चुकली तर मान कोणाचा आणि पान कोणाचे, असा घोळ व्हायचा!

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नुसते सुंदर अक्षर काढून चरितार्थ चालत नाही. गिऱ्हाईकाचे म्हणणे ऐकणे, मुदत पाळणे, छपाईत रंग कसा उतरेल याचा अंदाज बांधणे आणि संगणकावर सफाईने हात चालवणे, हे सारे शिकावेच लागते. तालीम घेतलेला प्रत्येक गवई तरी मैफल कुठे जिंकतो? परंतु सॉफ्टवेअर दर दोन-चार वर्षांनी बदलते आणि नवे शिकावे लागते. कमावलेली नजर मात्र बदलत नाही. यंत्राने क्षणात पन्नास नमुने पुढे टाकले तरी त्यांतले एकोणपन्नास बाजूला सारायला ती नजरच हवी.

म्हणून पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते, की वर्ग निवडताना तेथे संगणक किती आहेत हे जरूर विचारा, पण मुलांच्या बोटांना शाई लागते की नाही हेही पाहा. आणि आपल्या मराठी मंडळांनी उत्सवाचा फलक, स्मरणिकेचे मुखपृष्ठ अशी कामे शिकलेल्या हाताला योग्य मोबदला देऊन सोपवावीत. आपली लिपी आपल्याच शहरात नीट दिसावी, ही अपेक्षा काही फार मोठी नव्हे.