लिलावातले मत देवाला चालते का?

संतसज्जनहो, मतांच्या चोरीवरून सध्या मोठा वाद चालला आहे. कोणी यंत्राकडे बोट दाखवतो, कोणी यादीतल्या दुबार नावांकडे. त्या शंकांची तड लागलीच पाहिजे. परंतु आपल्याच देवळाच्या सभामंडपात मताची जी चोरी होते, तिला आपण चोरी म्हणायलाही तयार नाही.

जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. कारण, पदांचा लिलाव! उमराण्याची बोली दोन कोटींच्या पुढे गेल्याच्या बातम्या होत्या, आणि तो पैसा म्हणे मंदिराच्या बांधकामाला.

यावर लोक म्हणतात, "बुवा, पैसा कोणी खाल्ला नाही, देवाच्या कामी लागला. गावातला तंटाही टळला." अहो, चोरून आणलेल्या दुधाने अभिषेक केला म्हणून चोरी धुऊन निघते काय? मत ज्याचे त्याचे आहे. चार पुढाऱ्यांना ते विकण्याचा अधिकार कोणी दिला? ज्या मजुराला, ज्या विधवा माउलीला त्या बैठकीत तोंड उघडता आले नाही, तिचेही मत त्या बोलीत गेलेच ना? सर्वांच्या मनाने बिनविरोध निवड झाली तर आनंदच आहे. पैशाने झाली तर तो बाजार. आणि कोटी मोजणारा ते गावाकडूनच वसूल करणार.

दुसरी रीत याहून वाईट. आदल्या रात्री पाकीट द्यायचे आणि बेलभंडारा उचलायला लावायचा, गळ्यातल्या माळेची शपथ घालायची. माळ विठोबाची आहे, उमेदवाराची नव्हे. पाकीट परत करावे, आणि अशी शपथ मोडण्यात पाप आहे असे मुळीच मानू नये.

आता करायचे काय? ग्रामपंचायतीची मतदारयादी विधानसभेच्या यादीवरूनच होते. म्हणून निवडणूक लागण्याची वाट पाहू नका. एकादशीच्या भजनानंतर ती यादी देवळात मोठ्याने वाचा. कोण वारले, कोणाचे नाव दोनदा आले, हे गावाइतके कोणाला ठाऊक? अशा नावांसाठी नमुना ७ भरा. आपल्या नावाने आधीच कोणी मत देऊन गेला असेल, तर मुकाट्याने परतू नका. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागा.

एवढे आपल्या भजनी मंडळाने केले, तर पुढच्या निवडणुकीत गावातली निम्मी चोरी जागीच थांबेल.

रामकृष्णहरी.