वीतभर दारामागची माणसं

३ जून २०१४ च्या सकाळी केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे दिल्लीत विमानतळाकडे निघाले होते. चौकात दुसरी मोटार त्यांच्या गाडीच्या बाजूवर आदळली. मुंडे मागच्या आसनावर होते. यकृत फाटलं, मानेचा मणका मोडला. मागे बसलं की जिवाला धोका नाही, ही समजूत त्या दिवशीच सुटायला हवी होती.

समोरून धडक बसली, तर बॉनेट चेपत जातं आणि बराचसा मार स्वतः खातं. बाजूला ती सोय नाही. दार जेमतेम वीतभर जाड. म्हणून दारातली आडवी पोलादी पट्टी धक्का दोन दारांमधल्या खांबाकडे नेते आणि खांब तो छताच्या व तळाच्या चौकटीत वाटून देतो. हा खांब वर अतिकणखर आणि खाली किंचित लवणारा ठेवतात. दार आत आलंच, तर छातीऐवजी कमरेपाशी यावं, कारण कमरेचं हाड बरगड्यांपेक्षा जास्त सोसतं. डोक्याला आधार खिडकीवर उलगडणाऱ्या पडदा-एअरबॅगचा.

आपल्याकडे ताशी ५० किलोमीटर वेगाच्या बाजूच्या धडकेची चाचणी ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलांना बंधनकारक झाली. मात्र झाड किंवा विजेचा खांब दारात घुसतो, तेव्हा सगळा जोर एका अरुंद पट्ट्यावर येतो. अशा धडकेची, म्हणजे खांबाची, चाचणी ‘भारत एनकॅप’ या गाड्यांच्या सुरक्षा-मूल्यांकनात आहे, ताशी २९ किलोमीटरने, आणि हे मूल्यांकन ऐच्छिक आहे. पडदा-एअरबॅग धरून सहा एअरबॅगच्या सक्तीचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये निघाला, पण सक्ती झाली नाही. माझ्या मते ती व्हायलाच हवी. गाडी स्वस्त असली, म्हणून आतल्या माणसाची बरगडी कमी मोलाची ठरत नाही.

इंदूरजवळ पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान चाचणीमार्ग आहे आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटतो. पण आपलं रोजचं जगणं इंदूरमधल्या पलासिया, विजयनगरच्या चौराह्यांवर चालतं. तिथे कुणी लाल दिवा तोडला, की धडक थेट दारावर बसते.

तेव्हा शोरूममध्ये मायलेजच्या आधी विचारा: खांबाची चाचणी झाली आहे का? पडदा-एअरबॅग मागच्या खिडकीपर्यंत येते का? आपण घेतोय त्याच व्हेरियंटमध्ये ती आहे का? आणि मागे बसलेल्या आजी-आजोबांनाही पट्टा लावायला लावा. बाजूच्या धडकेत माणूस जागेवर राहिला, तरच एअरबॅग त्याच्या कामी येते.