यंत्र मिळालं, बॅटरीचं काय?
या आठवड्याचा विषय शर्टाच्या बटणाएवढा आहे: श्रवणयंत्राची बॅटरी. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून गरजू मुलांना यंत्र मोफत मिळतं, शिबिरात फोटोही निघतो. खर्च सुरू होतो तो घरी गेल्यावर. झिंक-एअर बॅटरीवरची रंगीत पट्टी सोलली की बारीक छिद्रांतून हवा आत शिरते आणि बॅटरी सुरू होते. मग पट्टी परत चिकटवून फारसं काही वाचत नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत नवी लागतेच, आणि ती गावातल्या दुकानात मिळेलच असं नाही. त्यात वाढत्या वयाबरोबर कान मोठा होतो, कानातला साचा सैल पडतो, यंत्र शिट्टी मारू लागतं, वर्ग हसतो आणि पोर ते दप्तरात टाकून देतं. बोट्स्वानातल्या ओत्से गावी कर्णबधिर कामगारांनी सौरऊर्जेवर चार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांची स्वस्त यंत्रं केव्हाच बनवून दाखवली. आपल्याकडेही यंत्राच्या डब्यात चार्जर हवाच, आणि वाढत्या मुलाला वेळेवर नवा साचाही, तोही मोफत. शिक्षकहो, हजेरी घेताना त्या मुलाला एवढं जरूर विचारा: बॅटरी चालू आहे ना?