टोकन घेण्यावर मर्यादा आहे, परतीचा नियम मात्र नाही

घरखरेदीच्या व्यवहारात पहिली रक्कम सर्वांत लहान असते, आणि तीच सर्वाधिक असुरक्षित असते. उत्तर भारतात तिला बयाना म्हणतात, महाराष्ट्रात इसार किंवा विसार, आणि अलीकडे देशभर ‘टोकन’. ती देताना ग्राहकाने बहुधा मालमत्तेची कागदपत्रे तपासलेली नसतात, बँकेने कर्ज मंजूर केलेले नसते आणि साठेखतही झालेले नसते. ‘आज टोकन दिले नाही तर घर दुसऱ्याला जाईल’ एवढ्या एका वाक्यावर ती दिली जाते. व्यवहार फिसकटला की मग प्रश्न उभा राहतो, ही रक्कम कोणाची?

स्थावर संपदा कायदा, म्हणजेच रेरा, २०१६ मध्ये संमत झाला. त्याच्या कलम १३ नुसार लेखी साठेखत करून त्याची नोंदणी झाल्याशिवाय विकासकाला घराच्या किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ही तरतूद महत्त्वाची आहे, पण अपुरी आहे. ८० लाखांच्या घरासाठी १० टक्के म्हणजे ८ लाख रुपये, नोकरदार कुटुंबाची कित्येक वर्षांची बचत. विकासकाने वेळेत ताबा दिला नाही, तर कलम १८ ग्राहकाला व्याजासह परतावा मिळवून देते. मात्र कर्ज नाकारले गेले किंवा नोकरी गेली म्हणून ग्राहकालाच माघार घ्यावी लागली, तर किती रक्कम परत मिळावी, याचे नेमके प्रमाण हा कायदा सांगत नाही.

ती पोकळी राज्यांनी आपापल्या परीने भरली आहे. महारेराच्या आदर्श वाटपपत्रानुसार १५ दिवसांच्या आत नोंदणी रद्द केल्यास कपात शून्य. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत किमतीच्या १ टक्का, ६० दिवसांपर्यंत दीड टक्का आणि त्यापुढे २ टक्के. हरियाणात गुरुग्राम प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनी कपातीची कमाल मर्यादा १० टक्के ठेवली आहे. म्हणजे ८० लाखांच्या घरातून साठेखतापूर्वी माघार घेणाऱ्याचे महाराष्ट्रात जास्तीत जास्त १ लाख ६० हजार रुपये जातील. गुरुग्राममध्ये ८ लाखांपर्यंत जाऊ शकतात. कायदा केंद्राचा आहे, ग्राहकाची अडचणही तीच आहे. तरीही नुकसानीत पाचपट फरक पडतो.

न्यायालयांनी काही प्रमाणात तोल साधला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये गोदरेज प्रोजेक्ट्सच्या गुरुग्राममधील एका प्रकल्पासंबंधीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २० टक्के रक्कम जप्त करण्याची करारातील अट एकतर्फी ठरवली आणि १० टक्के कपात वाजवी मानली. मे २०२५ मध्ये बेंगळुरूच्या एका व्यवहारात मात्र मुदतीत उर्वरित पैसे न भरणाऱ्या खरेदीदाराचे २० लाख रुपये विक्रेत्याकडेच राहिले. करारात ‘आगाऊ रक्कम’ असा शब्द होता. पण अटी पाहता ती इसाराचीच रक्कम ठरली. टोकनच्या पावतीवर सही करणाऱ्या सामान्य माणसाला हा भेद ठाऊक असेल, अशी अपेक्षा करणे अवास्तव आहे. शिवाय अशा निकालांपर्यंत पोहोचायला वर्षे लागतात आणि एक-दोन लाखांच्या टोकनसाठी इतके लढण्याची ऐपत थोड्यांकडेच असते.

जुन्या घरांच्या पुनर्विक्रीत तर रेराचा आधारही नाही. मध्यस्थांसाठी या कायद्यातील नोंदणीची सक्ती नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीपुरती आहे. पुनर्विक्रीतील टोकन अनेकदा मध्यस्थाच्या वैयक्तिक खात्यात जाते आणि पुरावा म्हणून मोबाइलवरील एक संदेश तेवढा उरतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने २०१५ पासून बंदी केली आहे आणि व्यवहार पूर्ण झाला नाही तरी ती लागू राहते. परंतु दंड होतो तो रोकड घेणाऱ्याला; देणाऱ्याचे पैसे त्यामुळे परत येत नाहीत.

इंग्लंडमध्ये १९७९ च्या कायद्यानुसार मध्यस्थाला ग्राहकाची अनामत स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. तेथील नव्या घरांच्या आचारसंहितेत आरक्षणानंतर १४ दिवस फेरविचाराची मुभा आहे. अशा तरतुदींमुळे बाजार कोसळत नाही.

विक्रेत्यांचा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही. कोणीही घर अडवून ठेवावे आणि महिन्याभराने हात झटकावेत, हे त्यांच्यावर अन्यायकारक आहे. त्या काळात दुसरा खरा ग्राहक हातचा जातो. म्हणूनच सरसकट परतावा हा उपाय नव्हे. महाराष्ट्राप्रमाणे काळानुसार वाढत जाणारी कपात दोन्ही बाजूंना न्याय देते. करार आणि मालमत्तेचे हस्तांतरण (शेतजमीन वगळता) हे समवर्ती सूचीतील विषय आहेत. त्यामुळे संसदेला देशभर एकच प्रमाण ठरवता येईल. त्यात तीन गोष्टी असाव्यात: पहिल्या १५ दिवसांत विनाकपात माघार, बँकेने लेखी कर्ज नाकारल्यास नाममात्र खर्च वजा जाता पूर्ण परतावा, आणि पुनर्विक्रीसह प्रत्येक व्यवहारात मध्यस्थाने घेतलेले टोकन स्वतंत्र खात्यात ठेवण्याची, तसेच परतीच्या अटींसह छापील पावती देण्याची सक्ती.

तोवर ग्राहकाच्या हाती एवढेच आहे: रक्कम बँकेमार्फत आणि शक्यतो थेट विक्रेत्याला द्यावी, ती कोणत्या परिस्थितीत परत मिळेल हे पैसे देण्याआधी लिहून घ्यावे. परंतु नागरिकांच्या सावधगिरीवर कायद्याची उणीव किती काळ झाकायची, याचे उत्तर संसदेलाच द्यावे लागेल.