स्क्रीनवर कचरा दिसतोय? मग रीसेटला हात लावू नका!



नेटवर्किंगचा व्यवसाय सुरू करायचाय म्हणणारे बरेच तरुण मला भेटतात. व्हिजिटिंग कार्ड छापलेलं असतं, फर्मचं नाव ठरलेलं असतं, सर्टिफिकेटही असतं. मी त्यांना एकच प्रश्न विचारतो. "ग्राहकाच्या स्विचला कन्सोल केबल लावली आणि स्क्रीन कोरीच राहिली, तर काय कराल?" दहातले सात-आठ जण लगेच म्हणतात, "सर, रीसेट मारू."

माझं मत तुम्हाला कडू लागेल, पण सांगतो. हे उत्तर देणाऱ्याने अजून धंदा सुरू करू नये. आधी ही सवय मोडावी. मी हे अधिकाराने सांगतोय, कारण मी स्वतः ही चूक केली आहे आणि तिची किंमत मोजली आहे.

सुरुवातीच्या दिवसांत एका छोट्या कारखान्याचं काम मिळालं होतं. काम अगदी किरकोळ. बिलिंगचा एक नवा कॉम्प्युटर बसवला होता, त्याच्यासाठी स्विचचं एक पोर्ट सेट करून द्यायचं. बाकी सगळं व्यवस्थित चालू होतं. मी ऐटीत केबल लावली, एंटर दाबलं, आणि स्क्रीनवर नुसता कचरा! चौकोन, उलटे प्रश्नचिन्ह, कसलीही अक्षरं. मी मनाशी ठरवूनच टाकलं की स्विचची मेमरी गेली. मालकांना न विचारता बटण दाबून धरलं आणि स्विच रीसेट केला.

पुढच्या दोन मिनिटांत वजनकाट्याचा कॉम्प्युटर तुटला, कॅमेरे गेले, बिलिंग बंद. गेटवर माल भरलेले टेम्पो उभे आणि बिल निघेना. आधीच्या माणसाने केलेल्या सेटिंगचा बॅकअप माझ्याकडे नव्हता आणि मालकांकडेही नव्हता. शेवटी त्याच माणसाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "अहो, मी कन्सोलचा स्पीड ९६०० वरून ११५२०० करून ठेवला होता. तुम्ही स्पीड बदलून बघितला नाहीत का?"

नव्हता बघितला. स्विच ठणठणीत होता. मीच त्याला बिघडवला. रात्री उशिरापर्यंत बसून त्या माणसाला विचारत विचारत सगळं पुन्हा उभं केलं. मालक रागावले नाहीत, चहासुद्धा पाजला. पण पुन्हा कधी बोलावलं नाही.

कचरा दिसणं ही चांगली बातमी आहे

त्या दिवशी मला जे माहीत नव्हतं, ते तुम्ही आज लक्षात ठेवा. स्क्रीनवर कचरा दिसतो, तेव्हा समोरचं उपकरण बोलत असतं. त्याचा आवाज तुमच्या लॅपटॉपपर्यंत येतोय. म्हणजे केबलमधून सिग्नल पोहोचतोय, ड्रायव्हर चालतोय, पोर्टही बरोबर निवडलंय. फक्त दोघांच्या बोलण्याचा वेग जुळत नाहीये. मग पुटीसारख्या प्रोग्रॅममध्ये स्पीड बदलून बघायचा. सिस्को, ज्युनिपर, फोर्टिनेट यांची बहुतेक जुनी-नवी उपकरणं ९६०० वर बोलतात, मायक्रोटिकचे राउटर ११५२०० वर. आधीच्या तंत्रज्ञाने बदल केला असेल तर मधले १९२००, ३८४००, ५७६०० हेही वेग वापरून बघा. बाकीच्या सेटिंग बहुतेक ठिकाणी सारख्याच असतात: ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट.

या सगळ्याला लागतात पाच मिनिटं. मी ती पाच मिनिटं दिली नाहीत आणि एक ग्राहक घालवला.

स्क्रीन कोरी असेल तर?

इथे घाई करायची नाही. कन्सोलचं कनेक्शन म्हणजे एक साखळी आहे. लॅपटॉप, ड्रायव्हर, यूएसबी अ‍ॅडाप्टर, केबल, पोर्ट आणि शेवटी उपकरण. आपण काय करतो? सगळ्यात लांबच्या कडीवर, म्हणजे ग्राहकाच्या उपकरणावर, आधी संशय घेतो. खरं तर सुरुवात स्वतःच्या बॅगेपासून करायला हवी.

पहिलं, डिव्हाइस मॅनेजर उघडा. अ‍ॅडाप्टर दिसतोय का? त्याला कॉम ३, कॉम ५ असा नंबर मिळालाय का? अ‍ॅडाप्टर दुसऱ्या यूएसबी पोर्टात लावला की हा नंबर बदलू शकतो आणि पुटीत मात्र जुनाच राहतो. तिथे पिवळं चिन्ह असेल तर ड्रायव्हरचा घोळ आहे. बाजारात प्रोलिफिक आणि एफटीडीआय या चिपच्या नकला भरपूर आहेत आणि नव्या ड्रायव्हरबरोबर त्या चालत नाहीत. २०१४ मध्ये तर एफटीडीआयच्या एका ड्रायव्हर अपडेटने नकली चिप असलेले अ‍ॅडाप्टर चक्क निकामी केले होते. म्हणून अ‍ॅडाप्टरमध्ये पैसे वाचवू नका. ते तुमच्या धंद्याचं हत्यार आहे. सुतार रंधा स्वस्तातला घेत नाही.

दुसरं, पोर्ट उघडतच नसेल तर दुसरा एखादा प्रोग्रॅम तेच पोर्ट धरून बसलाय का ते बघा. बहुतेक वेळा पुटीचीच आधीची खिडकी मागे उघडी राहिलेली असते.

तिसरं, अ‍ॅडाप्टरला नऊ पिनांचं टोक असेल तर केबल काढा आणि त्याच्या २ आणि ३ नंबरच्या पिना एका छोट्या वायरने जोडा. आता कीबोर्डवर काहीतरी टाइप करा. टाइप केलेलं स्क्रीनवर परत दिसलं, तर लॅपटॉपपासून अ‍ॅडाप्टरपर्यंत सगळं ठीक आहे. दिसलं नाही, तर दोष तुमच्याच बाजूला आहे आणि ग्राहकाच्या उपकरणाला हात लावायचं कारणच नाही. ही चाचणी फुकट आहे आणि माझ्या मते या कामातली सगळ्यात मौल्यवान चाचणी आहे.

चौथं, केबल. फिकट निळी चपटी कन्सोल केबल आणि साधी लॅनची केबल, दोघींचं टोक सारखंच दिसतं, पण आतल्या तारा वेगळ्या. कन्सोल केबलमध्ये तारांचा क्रम एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पूर्ण उलटा असतो. शिवाय प्रत्येक कंपनीची जोडणी सारखी असेलच असं नाही. आणि केबल कन्सोलच्या पोर्टातच लावलीय ना, तेही बघा. हसू नका, लॅनच्या पोर्टात लावून अर्धा तास घालवणारे मी पाहिलेत.

पाचवं, अक्षरं दिसतात पण टाइप होत नाही. अशा वेळी फ्लो कंट्रोल बघा. समोरून खूण आल्याशिवाय अक्षर पाठवायचं नाही, अशी ती सोय असते. साध्या कन्सोल केबलवर ती खूण बऱ्याचदा येतच नाही आणि तुमचा लॅपटॉप वाट बघत बसतो. ते 'नन' करा. आणखी एक कारण असतं. सिस्कोच्या काही उपकरणांना आरजे-४५ आणि यूएसबी असे दोन कन्सोल असतात. यूएसबीमध्ये कोणी केबल जोडून ठेवली असेल तर आरजे-४५ वरून टाइप केलेलं घेतलं जात नाही.

एवढं करूनही स्क्रीन कोरी असेल, तरच उपकरण बंद-चालू करून सुरुवातीचे संदेश येतात का बघायचं. पण मालकांना विचारून आणि काम थांबलेल्या वेळेत! सेव्ह न केलेली सेटिंग बंद-चालू करताना उडून जाते. आदल्या माणसाने सेव्ह केलं होतं की नाही, हे तुम्हाला बाहेरून कळत नाही.

आणि स्क्रीनवर यूजरनेम किंवा पासवर्ड मागितला, तर तुमचं कनेक्शन लागलेलं आहे. आता प्रश्न केबलचा नाही, परवानगीचा आहे. सिस्कोसारख्या कंपन्यांनी सेटिंग न पुसता पासवर्ड बदलण्याची पद्धत बऱ्याच उपकरणांसाठी दिलेली आहे. ती आधी वाचा, मालकांची लेखी परवानगी घ्या आणि मगच हात घाला.

"सर, आता सगळं क्लाऊडवरून होतं!"

हा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. कन्सोल जुना झाला, शिकून काय करायचं? बरोबर आहे, जुना आहेच. ज्या आरएस-२३२ पद्धतीवर तो चालतो, ती १९६० सालची. पण विचार करा, नेटवर्कच बंद पडलं तर क्लाऊडवरून त्या स्विचपर्यंत पोहोचणार कसं? कन्सोलला आयपी लागत नाही, इंटरनेट लागत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ आठवतंय? फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप सगळं सहा तासांच्या आसपास बंद होतं. लांबून पोहोचण्याचे रस्ते त्याच बिघाडात बंद झाले आणि इंजिनिअरना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावं लागलं. एवढ्या मोठ्या कंपनीवर ही वेळ येते, तर आपल्या तालुक्याच्या पतसंस्थेवर आणि एमआयडीसीतल्या कारखान्यावर येणारच. त्या दिवशी ज्याच्या बॅगेत चालणारी केबल आहे आणि डोकं शांत आहे, त्याच्याकडेच काम जाणार.

मग धंदा कशात आहे?

स्विच विकून फार सुटत नाही, ऑनलाइन भाव सगळ्यांना दिसतो. ग्राहक पैसे देतो ते बिघाड नेमका कुठे आहे हे सांगणाऱ्याला. म्हणून तपासणीचं शुल्क वेगळं लावा आणि ते काम सुरू करण्याआधी सांगा. लाज वाटू देऊ नका. डॉक्टर तपासणी फी घेतातच ना?

पण मग तपासणी तशीच करा. काय बघितलं, कोणता स्पीड सापडला, काय बदललं, हे कागदावर लिहून द्या. आणि आत शिरल्यावर पहिलं काम म्हणजे चालू सेटिंगचा बॅकअप. एक प्रत मालकांच्या हातात. काही मुलं मला म्हणतात, "सर, बॅकअप दिला तर ते उद्या दुसऱ्याला बोलावतील." बोलावू देत! सेटिंग लपवून धरलेला ग्राहक अडकलेला असतो आणि अडकलेला माणूस संधी मिळाली की सुटतो. ज्याने माझी चूक त्या रात्री फोनवर निस्तरली, त्याने मालकांकडे एक प्रत ठेवली असती तर त्या टेम्पोवाल्यांना ताटकळावं लागलं नसतं. पण म्हणून माझी चूक लहान होत नाही.

आता या आठवड्याचा गृहपाठ. एक जुना वापरलेला स्विच घ्या. चांगला अ‍ॅडाप्टर घ्या, एक जास्तीचाही ठेवा. मित्राला त्या स्विचचा कन्सोल स्पीड गुपचूप बदलायला सांगा आणि रीसेट न करता आत शिरून दाखवा. पाच वेळा जमलं की मग कार्ड वाटायला बाहेर पडा.

ग्राहकाचा स्विच हा त्याच्या चालू धंद्याचा भाग आहे. तिथे गेल्यावर आधी स्वतःची बॅग तपासा. आणि रीसेटच्या बटणाकडे बोट गेलंच, तर मालकांना हाक मारा आणि मोठ्याने विचारा, "हे दाबलं तर सगळं पुसलं जाईल, दाबू का?" हा प्रश्न तोंडातून निघताना तुम्हालाच कळेल की अजून काय काय बघायचं राहिलंय.

चला, लागा कामाला. भेटू पुढच्या व्हिडिओत!